शिशाच्या पडद्याआडची वहिनी

वहिनी आज सकाळी गेली.

आणि मला अजूनही तिचा हेवा वाटतोय.

माझ्या भावाची बायको. नवीन पनवेलच्या आमच्या दोन खोल्यांत लग्न होऊन आली आणि बघता बघता माझी आई तिची झाली.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. आईला गर्भाशयाच्या तोंडाचा कॅन्सर निघाला. मुंबईच्या हॉस्पिटलात आतून रेडिएशन द्यायचं ठरलं. किरणोत्सर्गी औषधाच्या नळ्या शरीरात ठेवायच्या आणि त्या काढेपर्यंत आईने खोलीत एकटीने उताणं पडून राहायचं. कूसही बदलायची नाही. भेटायला एकच माणूस, तेही शिशाच्या पडद्याआडून, थोडा वेळ.

"आत कोण जाणार?" सिस्टरने विचारलं.

"मी." लेक मी होते ना.

तिने माझ्या पोटाकडे पाहिलं. पाचवा महिना होता. "प्रेग्नंट बायकांना आत सोडत नाही."

वहिनी गेली.

मी बाहेर बाकावर. आतून आईचं हसणं ऐकू आलं. इतकी जळले म्हणून सांगू!

नळ्या काढल्यावर डॉक्टर म्हणाले, "आता यांच्या अंगात काही उरलेलं नाही. खुशाल जवळ बसा."

पण आई ऐकेल तर शपथ. घरी आल्यावरही मला दारातच थांबवायची. "लांब बस गं. बाळाला बाधेल."

वेणी वहिनी घालणार, पाय वहिनी चेपणार. मी आपली दारातून बघणार.

डोहाळजेवणाला पहिली ओटी आईने भरायची. ती आतल्या खोलीतूनच म्हणाली, "सूनबाई, माझ्या वतीने तू भर."

वहिनीला मूल नव्हतं. शेजारच्या काकू लगेच कुजबुजल्या, "तिला कशाला?"

"मी सांगितलंय म्हणून," आई म्हणाली.

वहिनी मी लहान असूनही मला वन्सं म्हणायची. ओटीत नारळ घालायला ती वाकली. हळूच म्हणाली, "वन्सं, फार हेवा वाटतो हो तुमचा."

"मला तुझा वाटतो," मी फटकन बोलले.

दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. मग ती हसली, मलाही हसू आलं. नारळ पडता पडता वाचला.

माझी लेक झाल्यावरच आईने मला जवळ घेतलं. पुढे ती पुष्कळ जगली. पण काही हवं असलं की हाक वहिनीलाच. शेवटचीसुद्धा.

आणि आता आईकडे आधी पोचलीसही तूच.

नीट जा, वहिनी. आईला चिकटूनच बसशील, माहितेय मला.

मी आले की फक्त थोडी सरकून बस.