एका नावाची दोन लेकरं

गल्लीत कुणी बाई वारली, की आधी खालाला निरोप जायचा, मग डॉक्टरच्या दाखल्याची धावपळ. बायकांना आणि तान्ह्या लेकरांना शेवटची आंघोळ घालायचं काम तीस वर्षं तिच्याकडेच होतं. हात असा हलका, की बघणाऱ्याचे डोळे भरून यावेत. एरवी मात्र ती रस्त्यात समोर आली, की याच बायका पोरांना जवळ ओढून घ्यायच्या. काम पडलं की खाला, काम सरलं की अवदसा! जगाची रीतच ती. खालानं कधी मनावर घेतलं नाही.

तिचे दोन नेम होते. पहिला, पाणी ओतण्याआधी नाव विचारायचं. "कयामतच्या दिवशी माणसाला त्याच्या नावानं आणि बापाच्या नावानं हाक येणार आहे," ती म्हणायची. "नाव म्हणजे काय बरणीवरची चिठ्ठी आहे?" मग त्या नावानं बोलत बोलत, चादरीखालून हात घालून आधी उजवी बाजू, मग डावी, शेवटच्या पाण्यात कापूर. दुसरा नेम, त्या खोलीत जे दिसलं, जे कानावर पडलं, ते तिथंच सोडायचं. बाहेर तोंडाला कुलूप. या दुसऱ्या नेमानंच घात केला.

गॅरेजवाल्याच्या बायकोला पहिला मुलगा झाला आणि चार तासांत गेला. खाला पोचली तेव्हा कोमट पाण्याची बादली तयार होती, पांढरं कापड तयार होतं. नाव तेवढं नव्हतं.

"त्याला कसलं नाव?" गॅरेजवाल्याची आई म्हणाली. "सातव्या दिवशी ठेवणार होतो. सातवा उजाडलाच नाही."

"रडला होता ना?"

"रडला म्हणे एकदा."

"मग झालं की. एक श्वास घेतला तरी नावावर हक्क आहे त्याचा. आजोबांचं नाव ठेवणार होतात ना? अख्ख्या गल्लीला ठाऊक आहे."

म्हातारीचा चेहरा दगड झाला. "ते पुढच्याला. माझ्या माणसाचं नाव चार तासांच्या जिवाबरोबर मातीत घालू होय? तुम्ही बाळ म्हणा, नाहीतर काहीही म्हणा."

जसं काही नाव म्हणजे कापड, एकाला लागलं नाही तर घडी घालून दुसऱ्यासाठी ठेवा! खालानं गॅरेजवाल्याकडे पाहिलं. नुसत्या आवाजावरून इंजिनाचं दुखणं ओळखणारा गडी, पण आईपुढे त्याची बोलती बंद. नखातलं ग्रीस कोरत तो म्हणाला, "आई म्हणते तसं करा."

आतल्या खोलीत बाळाची आई भिंतीकडे तोंड करून पडली होती. खाला बाळाला उचलायला वाकली, तशी तिनं खालाची बाही धरली आणि कानात नाव सांगितलं. तेच, आजोबांचं. "पाचव्या महिन्यापासून मी याच नावानं हाक मारत होते, खाला. तो लाथ मारायचा. दुसरं नाव त्याला कळायचं नाही."

खालानं त्याच नावानं त्याला आंघोळ घातली. तळव्यात मावेल एवढी पाठ. "उजव्या कुशीवर हो, राजा," म्हणत तिनं तीनदा नाव घेतलं. बाहेर आल्यावर मात्र एक अक्षर बोलली नाही.

दीड वर्षानं दुसरा मुलगा झाला. सातव्या दिवशी घर माणसांनी भरलं. कधी नव्हे ते खालालाही बोलावणं होतं, सुनेनं हट्टच धरला होता म्हणे. खाला दारापाशी, चपलांच्या शेजारी बसली. म्हातारीनं तेच नाव मोठ्यांदा जाहीर केलं. "राखून ठेवलं होतं मी," असंही म्हणाली, ऐटीत.

भरल्या खोलीत बाळाच्या आईनं फक्त खालाकडे पाहिलं. बोलायचं तर आत्ताच होतं. हे नाव दिलेलं आहे, एवढंच. खालानं तोंड उघडलं नाही. नेम होताच, पण खोटं कशाला बोला, आनंदाच्या घरात मयतीच्या बाईनं मयत काढली असं लोक म्हणतील, ही भीतीही होती. लोकांचं आपण मनावर घेत नाही म्हणणारी खाला त्या दिवशी लोकांना भ्यायली.

पोर आता चार वर्षांचं आहे. आजी दिवसातून पन्नासदा त्याचं नाव घेते. आई म्हणते, "ए", "ऐक रे", "इकडे बघ". बायका कुजबुजतात, एवढं गोड पोर आणि आईच्या तोंडी त्याचं नाव नाही, इतकं कोरडं असावं का माणसानं? खालाला कारण माहीत आहे. नळावर हे बोलणं चाललं, की ती अर्धी घागर घेऊन घरी जाते.

परवा दुपारी ती गॅरेजसमोरच्या पायरीवर टेकली होती. पोर जुन्या टायरवर चढून उड्या मारत होतं. त्याची आई शेजारी येऊन बसली.

"खाला, कयामतच्या दिवशी हाक येईल. नाव एक, बापही एक. कोण उठेल?"

तीस वर्षं मेलेल्यांशी बोलण्यात गेलेली. गोड बोलायची सवय कुठून असणार?

"थोरला उठेल," खाला म्हणाली. "धाकट्याला तू कधी त्या नावानं बोलावलंयस? त्याला कळणार कसं, आपल्यालाच हाक आली म्हणून?"

बाईचं तोंड पांढरंफटक पडलं. खालाला वाटलं, जीभ झडो आपली. बोलायचं तेव्हा आपण गप्प बसलो आणि गप्प बसायचं तेव्हा बोललो.

बाई उठली, टायरपाशी जाऊन उभी राहिली. तिचे ओठ हलले. नाव अगदी दातांपर्यंत आलेलं खालाला दिसलं. पोरानं उड्या थांबवल्या आणि मान वर करून आईकडे पाहिलं.

"ए," ती म्हणाली, "चल घरी."