टाकायचा राहिलेला ड्रायव्हर

जळगाव जामोदहून संग्रामपूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर एका जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, मी काट्यावर बसतो. काटा म्हणजे गाडीसकट तोलणारा मोठा वजनकाटा. बाहेर जमिनीलगत लोखंडी पत्र्याचा लांब पाट, त्याला लागून माझी खोली, खोलीत एक कम्प्युटर आणि एक मी. दोघंही जुने. दिवाळी झाली की कापसाच्या गाड्या सुरू होतात, आणि मग चार महिने माणसाला आपली पाठ दुखते एवढंच कळतं, बाकी काही कळत नाही. भरलेली गाडी पाटावर घ्यायची, वजन पक्कं करायचं. गाडी आत जाऊन रिकामी होऊन येते, ती पुन्हा तोलायची. दोन्हींमधला फरक तो कापूस. चिठ्ठी काढायची, पुढच्याला हाक मारायची. वीस वर्षं मी हेच करतो आहे.

एका दिवाळीच्या तोंडावर कम्प्युटरचा मदरबोर्ड गेला. खामगावहून मेकॅनिक आला, त्यानं नवा बोर्ड टाकला. काट्याची जुनी वायर नव्या बोर्डाला बसेना, म्हणून मध्ये यूएसबीचा एक जोड दिला. त्या दिवशी सकाळपासून मोबाइलला रेंज नव्हती, त्यामुळे त्याला पुढचं काम करता आलं नाही. जाताना त्यानं एका कागदावर लिहून दिलं, आणि वर तोंडीही सांगितलं.

"बाबू, हे चालन तसं. पन चिपसेटचा ड्रायव्हर टाकून घ्या बरं. नाही टाकला तं यूएसबीचा भरवसा नाही. मधातच झोपी जाते थे."

चिपसेट म्हणजे मदरबोर्डवरची अशी वस्तू, जी कम्प्युटरच्या सगळ्या भागांना एकमेकांशी बोलतं ठेवते. ड्रायव्हर म्हणजे तिच्याशी कसं बोलायचं हे कम्प्युटरला शिकवणारा प्रोग्राम. एवढं मला त्यानं चहा पिता पिता समजावलं होतं आणि मलाही समजलं होतं. समजलं नव्हतं असं म्हणायची सोय मी स्वतःला ठेवलेली नाही. तो कागद मी टेबलाच्या काचेखाली सरकवला. कम्प्युटरमधल्या भागांच्या यादीत तीन ठिकाणी पिवळे त्रिकोण दिसायचे, काहीतरी टाकायचं राहिलं आहे असं सांगणारे. मी ती यादी उघडायचीच बंद केली. चालून राह्यलं ना? मंग काऊन छेडाचं? आमची अख्खी जिनिंग या एका वाक्यावर चालते. मी काही वेगळा नाही.

खरं तर खोलीत दुसरा पुरावा होता. काट्याचा एक डबा असतो, त्यावर लाल आकड्यांत वजन येतं, आणि तिथूनच ते कम्प्युटरात जातं. पण त्याचे आकडे अर्धे जळाले होते, आठ आणि शून्य यांतला फरक कळायला मान वाकडी करावी लागायची. मी त्याच्यावर आधीच्या हंगामातच धुळीसाठी म्हणून फडकं टाकलं होतं आणि तेव्हापासून फक्त पडद्याकडे पाहत होतो.

संग्रामपूरच्या बाजूच्या एका गावचा शेतकरी आमच्याकडे नेहमी यायचा. दिवाळीनंतर एके दिवशी त्याचा कापूस ट्रॅक्टर-ट्रॉलीतून सालदार घेऊन आला. सालदार म्हणजे वर्षाच्या बोलीवर शेतात राबणारा माणूस. हा साधारण माझ्याच वयाचा होता, फारसं न बोलणारा. शेतकरी मागून मोटारसायकलवर आला. भरलेली ट्रॉली तोलली, रिकामी तोलली, चिठ्ठी दिली. शेतकऱ्यानं ती वाचली आणि खिडकीशी आला.

"बाबू, कमी भरला कापूस. घरून मोजून आनला मी."

"घरच्या काट्याचं मले नोका सांगू, भाऊ."

"बरं, रिकामी ट्राली एकडाव पुन्हा घ्या काट्यावर."

मी मागची रांग दाखवली. सकाळपासून पाणी प्यायलाही उठलो नव्हतो. डोकं ठणकत होतं आणि हा मला माझं काम शिकवत होता. मग मी जे बोललो ते रांगेतल्या सगळ्यांना ऐकू जाईल असं बोललो.

"काटा खोटं बोलत नाही, भाऊ. माल रस्त्यात कोठी हलका झाला थे पाहा अगोदर."

रांगेत लोक हसले. दोघाचौघांनी मान वळवून सालदाराकडे पाहिलं. तो ट्रॉलीचा मागचा फाळका लावत होता. त्यानं फाळका लावला, कडी अडकवली आणि ट्रॅक्टर सुरू केला. शेतकरी मोटारसायकल काढून निघून गेला. मला जरा बरंच वाटलं, खोटं कशाला बोलू.

चार-सहा दिवसांनी चहाच्या टपरीवर कळलं की त्या शेतकऱ्यानं सालदाराला कामावरून काढलं. सालदारानं वाटेत कापसाची गाठोडी उतरवून विकली, असं गावात सगळे म्हणत होते. मी चहा संपवला आणि मनात म्हटलं, चला, आपला काटा बरोबर होता.

त्यानंतर दोनेक आठवडे गेले असतील. गावोगावचा कापूस घेऊन फिरणारे एक म्हातारे मुसलमान व्यापारी आहेत, आम्ही सगळे त्यांना चाचा म्हणतो. त्यांची भरलेली गाडी तोलून मी वजन पक्कं करत होतो आणि ते खिडकीत कोपर टेकून उभे होते. गाडी आत निघून गेली तरी त्यांची नजर पडद्यावरच होती.

"बाबूजी," ते म्हणाले, "गाडी तं उतरली काट्यावरून. तुमचा कम्प्युटर अजून काय तोलून राह्यला?"

मी पाहिलं. पाट मोकळा होता. त्यावर एक कुत्रं आडवं चाललं होतं. पडद्यावर गाडीचं अख्खं वजन तसंच उभं होतं. मी हात लांब करून डब्यावरचं फडकं ओढलं. तिथे शून्य होतं.

 यूएसबी मधेच झोपली होती, आणि सॉफ्टवेअर शेवटचा आकडा धरून बसलं होतं. पुढची गाडी आली असती तर मी तिला मागच्या गाडीचं वजन लावून चिठ्ठी दिली असती. तशी कुणाला दिली असेल, हे मला कम्प्युटरात पाहायच्या आधीच कळलं होतं.

काटा बंद केला. रांगेतून आरडाओरडा सुरू झाला, त्याला तोंड द्यायचं त्राण नव्हतं. मेकॅनिकला फोन लावला.

"चिपसेटचा टाकला होता का?" त्याचा पहिला प्रश्न.

"नाही."

  मग त्यानं एकेक पायरी सांगितली. आधी बोर्डावरचा नंबर पाहा, त्याच बोर्डाची फाइल पाहिजे. मी कॅबिनेटचं झाकण काढलं. आत कापसाच्या तंतूंचा थर बसलेला, पंख्याच्या पात्यांना मिशा फुटलेल्या. चष्मा कपाळावर, मोबाइलचा उजेड एका हातात धरून मी अक्षरं वाचली आणि चाचांनी चिठ्ठीच्या पाठीवर लिहून घेतली. डाऊनलोड करायला गेलो तर माझं दिवसाचं नेट सकाळीच व्हिडिओ पाहण्यात संपलेलं. चाचांनी स्वतःच्या फोनचं नेट जोडून दिलं. पहिली फाइल उतरली, चालवली, तर या बोर्डाला ही चालणार नाही असं उत्तर आलं. नंबराच्या शेवटी कोपऱ्यात आणखी एक बारीक आकडा होता, तो मी सोडला होता. पुन्हा झाकण, पुन्हा उजेड, पुन्हा फाइल.

दुसरी फाइल बसायला लागली. हिरवी पट्टी थोडी सरकायची आणि थांबायची. बाहेर ट्रॅक्टरवाले हॉर्न वाजवत होते. मी खुर्चीत नुसता बसून त्या पट्टीकडे पाहत होतो आणि मला फाळक्याची कडी अडकवणारे हात दिसत होते. त्या माणसानं तेव्हा एक शब्द काढला असता, शिवी दिली असती, तरी मला आता इतकं जड गेलं नसतं. मला स्वतःची लाज वाटत होती आणि तिच्यासोबत एक थकवा होता, झोपेनं न जाणारा.

कम्प्युटर बंद होऊन पुन्हा सुरू झाला. यादी उघडली. पिवळे त्रिकोण गेले होते. आनंद वगैरे काही झाला नाही. मी उठून बाहेर गेलो आणि स्वतः पाटावर उभा राहिलो. चाचा खिडकीतून डबा आणि पडदा दोन्ही वाचत होते. सत्तर, सत्तर. उतरलो, शून्य, शून्य. पुन्हा चढलो. असं किती वेळा केलं कोण जाणे.

"बस करा बाबूजी," चाचा म्हणाले. "तुमचं वजन काई वाढून नाही राह्यलं."

रांग संपेपर्यंत गाड्या तोलल्या, प्रत्येक वेळी मान वाकडी करून डब्याकडे पाहत. मग जुन्या नोंदी उघडल्या. तो दिवस सापडला. रिकाम्या ट्रॉलीचं वजन चार हजार साठ. त्याच्या लगेच आधी दुसऱ्या कुणाची तरी रिकामी ट्रॉली गेली होती, तीही चार हजार साठ. मग सालदारानं आणलेल्या ट्रॅक्टर-ट्रॉलीच्या आधीच्या फेऱ्या पाहिल्या. प्रत्येक फेरीला रिकामं वजन तीन हजार नऊशे वीसच्या आसपास. एकशे चाळीस किलो कापूस रस्त्यात उतरलाच नव्हता. तो आमच्या ढिगात पडला होता.

दुसऱ्या दिवशी जिनिंगच्या मालकांना सांगितलं. त्यांनी कपाळाला हात लावला आणि म्हणाले, "त्याचा कापूस भरून देऊ. पन तुम्ही गावात सांगत नोका फिरू. काट्याचं नाव एकडाव खराब झालं का गाड्या दुसऱ्या जिनिंगवर जाते." मी हो म्हणालो. वीस वर्षं त्यांना हो म्हणायची सवय आहे.

पण रविवारी मोटारसायकल काढली आणि त्या गावाला गेलो. शेतकरी ओट्यावर बसला होता. मी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं, नोंदींचा कागद दाखवला. त्यानं तो दोनदा वाचला. मी शिव्या खायच्या तयारीनं आलो होतो. त्यानं कागदाची घडी घातली.

"अकरा वर्सं होता माह्यापाशी," तो म्हणाला. "म्या त्याले पंचासमोर चोर म्हनलं." मग कागद माझ्या हातात परत देत म्हणाला, "तुमीच सांगा त्याले. माह्यानं नाही होत."

घर त्यानं लांबूनच दाखवलं. गावाच्या टोकाला, समोर सारवलेलं अंगण. सालदार कुऱ्हाडीला नवा दांडा बसवत होता. त्याची बायको पलीकडे भिंतीशी बसून सुपात तूर पाखडत होती. मला पाहून तो उठला नाही, पण बसायला पोतं सरकवलं. मी बसलो. काटा, कम्प्युटर, अडकलेला आकडा, सगळं सांगितलं. रांगेत मी जे बोललो तेही पुन्हा बोलून दाखवलं आणि चूक माझी होती असं म्हणालो. 

तो दांड्याला पाचर ठोकत राहिला. ठोकून झाल्यावर त्यानं कुऱ्हाड हातात धरून हलवून पाहिली.

"मले काऊन सांगून राह्यले, बाबू? मले तं मालूमच होतं."

 त्यानं मान न वळवता भिंतीकडे हात केला.

"हिले सांगा."

सूप थांबलं होतं. ती खाली पाहत होती. मी जागेवरच तिच्याकडे वळलो आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. चिपसेट आणि ड्रायव्हर तिला कसे सांगणार, म्हणून म्हटलं, "कम्प्युटरमंधी एक गोष्ट टाकाची राहून गेल्ती, बाई. माह्याकून."

"कवापासून राहून गेल्ती?"

"दिवाळीच्या अगोदरपासून."

"अन् आता टाकली?"

"हाव."

"टाकाले किती येळ लागला?"

"दीड घंटा," मी म्हणालो.

तिनं सूप खाली ठेवलं. माझ्याकडे तिनं पाहिलंच नाही. ती नवऱ्याकडे पाहत होती.

"ईस दिवस झाले," ती म्हणाली, "म्या याच्याशी बोलनं टाकलं."