टाकीचा पट्टा कोरडाच आवळला!

धुळ्याला समुद्र नाही. ही गोष्ट आमच्या घरात सगळ्यांना मान्य होती, फक्त पुतणीला नव्हती.

प्रज्ञा ही माझ्या थोरल्या भावाची, म्हणजे नानांची मुलगी. शिकायला पाठवली कॉलेजात, पण तिचं मन लागलं पाण्यात. कोकणात जाऊन ती स्कूबा शिकली. म्हणजे पाठीवर हवेची टाकी बांधायची आणि समुद्राच्या तळाशी मासे बघत फिरायचं. (मासे तर आमच्या बाजारातही बघायला मिळतात, पण बोलायचं कुणाला?) एवढ्यावर न थांबता तिने मालवणला, पर्यटकांना पाण्याखाली फिरवून आणायची नोकरीही मिळवली! आता प्रश्न एकच होता. नाना तिला जाऊ देणार का?

नाना सोनगीरजवळ शेती करतात. पाणी त्यांना विहिरीत आणि कांद्याच्या वाफ्यातच आवडतं. त्याहून मोठ्या पाण्याकडे ते संशयानेच बघतात.

"आनि पाठवरनी टाकी निसटी गई ते?" त्यांनी विचारलं.

"नाही निसटत, बाबा. तिला पट्टा असतो, पट्ट्याला बकल असतं," असं म्हणून प्रज्ञाने ती टाकी बांधायचं आपलं जुनं, सेकंड हँड जॅकेट पुढे केलं. तिथेच चुकलं. त्याच्या पट्ट्याचं प्लास्टिकचं बकल चिरलेलं होतं आणि नानांची नजर नेमकी त्या चिरेवर पडली.

"हाई बकल? हाई ते शाळाना दप्तरले ऱ्हास!"

दप्तर म्हटल्यावर प्रकरण माझ्याकडे आलं. माझं धुळ्यात बॅगा आणि पट्टे दुरुस्तीचं दुकान आहे. बकल या विषयात अख्ख्या खानदेशात माझ्या तोडीचा माणूस नाही! (हे माझं मत. दुसऱ्या कुणाचं अजून कानावर आलेलं नाही.) नानांनी निकाल देऊन टाकला, "तुना काका हाऊ पट्टा पास करी, ते जाय. नही ते नही!"

पोरीचं भवितव्य माझ्या हातात आलं आणि मी आपोआप ताठ बसलो.

प्रज्ञाने दोन नवी बकलं पुढे ठेवली. "काका, मेटलचं लावू की प्लास्टिकचं?"

"मेटल!" मी हात न लावताच सांगितलं. "प्लास्टिकचा भरवसा नाही."

"तसं दोन्ही चालतं. मेटल गंजणारं नको, प्लास्टिक चिरलेलं नको, एवढंच. फक्त पट्टा आधी भिजवायचा आणि मग आवळायचा. कोरडा आवळला की पाण्यात ढिला पडतो."

मला हसू आवरेना. "अगं, माझी हयात पट्ट्यांत गेली! गिऱ्हाइकाला पहिलं वाक्य मी हेच सांगतो, पट्टा भिजवू नका!"

मग मी मेटलचं बकल लावलं, प्रज्ञाने सोबत आणलेली टाकी पट्ट्यात घातली, तिच्यावर गुडघा रोवला आणि पट्टा असा आवळला की माझ्याच मनगटात चमक भरली. नानांनी टाकी हलवून पाहिली. आमच्या थोरल्या बहिणीने, अक्काने, दोन्ही हातांनी ओढून पाहिली. टाकी जागची हलेना! नाना खूश झाले. मी तिथेच थांबायला हवं होतं.

"पन पानीमा?" नाना म्हणाले.

"पाण्यात मी स्वतः उतरतो!" हे वाक्य माझ्याच तोंडून गेलं.

वरात निघाली नानांच्या शेततळ्यावर. प्रज्ञाचं जॅकेट माझ्या पोटाभोवती बसता बसेना. "याले जॅकेट नही, ताडपत्री लागी," अक्का म्हणाली. शेवटी प्रज्ञाने कसंबसं ते अडकवलं, मी वर राहावं म्हणून त्यात हवा भरली आणि स्वतः आधी पाण्यात उतरली. "काका, दोराला धरून हळूच या," एवढं तिचं बोलणं पूर्ण व्हायच्या आत मी पोचलोसुद्धा! शेततळ्याला प्लास्टिकचा कागद अंथरलेला असतो आणि तो भलताच निसरडा असतो.

सुरुवातीला झकास चाललं होतं. मी हात वर करून ओरडलो, "बघा नाना! मेटल!"

तेवढ्यात पट्टा भिजला. माझ्या पाठीवरून काहीतरी गपकन खाली सरकलं. टाकी पट्ट्यातून सुटून जॅकेटच्या नळीला लोंबकळत माझ्या पायांत आली आणि मी आडवा झालो.

"बुडालो! बुडालो!"

"नाना, हाऊ बुडी ऱ्हायना रे!" काठावर अक्का.

"काका, तुम्ही तरंगताय!" प्रज्ञा.

"तरंगत तरंगत बुडतोय!" मी.

प्रज्ञाने मला उताणं केलं, जॅकेटला धरून ओढत काठाशी आणलं आणि दोर हातात दिला. वरून नाना आणि अक्का ओढत होते, खालून प्रज्ञा ढकलत होती. मी दोन हात वर गेलो की हातभर खाली यायचो. अखेर पोटावर सरपटत बाहेर आलो.

नाना त्या लोंबकळणाऱ्या टाकीकडे बघत होते. प्रज्ञाचा चेहरा उतरला होता. माझ्या शहाणपणापायी पोरीची नोकरी गेली, या विचाराने मला खरंच मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पण तिने मला चकार शब्दाने बोल लावला नाही. मेटलचं बकल काढलं, मुद्दाम प्लास्टिकचं लावलं. पट्टा पाण्यात चांगला भिजवला, मग आवळला. आणि टाकी पाठीवर घेऊन तळाला गेली.

वर नुसते बुडबुडे. नाना टोपी हातात घेऊन उभे. अक्का गप्प! (हे आमच्या घराण्यात प्रथमच घडत होतं.)

थोड्या वेळाने प्रज्ञा वर आली. टाकी जागच्या जागी होती आणि हातात माझ्या खिशातून पडलेली पक्कड होती. "काका, ही तुमची."

नानांनी टोपीने डोळे पुसले. माझ्याकडे एकदा नीट बघून घेतलं आणि तिला म्हणाले, "जाय बेटा. समुंदरमा तुना काकासारखाच मानसं उतरतस ना? मंग तठे तू पाहिजेच!"

आता प्रज्ञा मालवणला आहे आणि मजेत आहे. पुतणीला नोकरी मीच लावून दिली, असं मी दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला सांगतो. काम अवघड नव्हतं, नुसतं बुडून दाखवायचं होतं. तेही मला धड जमलं नाही, मी आपला तरंगतच राहिलो!