आपोआप उघडणारी भिंत

वडूजचे ते पत्राकाम करणारे चाचा कामाला लागण्याआधी पत्र्याला उलटा हात लावून बघत आणि मान हलवत. माझ्या रेशीमकिड्यांच्या शेडची एक भिंत त्यांनी नुसत्या झडपांची केली. प्रत्येक झडपेमागे सांगलीच्या एका कॉलेजातून आणलेली, आकार लक्षात ठेवणाऱ्या धातूची स्प्रिंग होती. तापली की ती आपला मूळचा आकार घेते आणि झडप ढकलते. गार झाली की ती सैल पडते आणि झडप स्वतःच्या वजनानं मिटते. वीज लागत नाही. गेल्या उन्हाळ्यात वीज जाऊन पंखे बंद पडले, तेव्हा माझे सगळे किडे मेले होते. त्यामुळे नुसत्या स्प्रिंगांच्या भरवशावर नवे किडे ठेवायला माझं मन धजेना.

"आवं ताई, किडं नंतर ठेवा. आज आत मी बसतो," चाचा म्हणाले.

भर दुपारी त्यांनी दार आतून लावून घेतलं. थोड्या वेळानं मीच घाबरले. "चाचा, बाहेर या!"

"लय घाई करता तुमी. थांबा की जरा!"

तेवढ्यात एक झडप कुरकुरली, मग दुसरी, आणि बघता बघता सगळी भिंत उघडली. पलीकडं चाचा घामानं निथळत बसले होते. मी पाणी घेऊन धावले. तांब्या बाजूला ठेवत ते म्हणाले, "खालची एक उशिरा उघडली. ती नीट करतो, मग किडं आणा."