घरमालकांची काळी पट्टी

सोनपेठच्या माझ्या घरमालकांनी जगात एकच गोष्ट नीट पाहिली असेल, ती म्हणजे चौकट. चौकटीच्या आत काय आहे याच्याशी त्यांना फारसं देणंघेणं नसे. पुढच्या खोलीत ते तसबिरी मढवायचे आणि मागच्या खोलीत मी, नवी नेमणूक झालेला मास्तर, भाड्याने राहायचो. कुणाच्याही घरी गेले की रामराम करण्याआधी ते भिंतीवरचा तिरका गणपती सरळ करीत. पुतण्यासाठी मुलगी पाहायला गेले, पोहे खाऊन आले, आणि मुलगी कशी आहे म्हणून विचारलं तर म्हणाले, "घर बराबर न्हाई. समद्या तसबिरी वाकड्या." ते लग्न मोडता मोडता राहिलं. पोलीस ॲक्शननंतर संस्थानी राज्य गेलं, कचेऱ्यांतून जुन्या सरकारच्या तसबिरी उतरल्या आणि त्याच चौकटींत नवे पुढारी बसवायचं काम यांच्याकडे आलं. यांनी काच तीच ठेवली, चौकटीची लाकडी पट्टी तीच ठेवली आणि जुनं सरकार नव्या पुढाऱ्याच्या पाठीमागे पुठ्ठा म्हणून लावून टाकलं. मी घाबरून विचारलं तर शांतपणे म्हणाले, "कागद लय भारी हाय, गुरुजी. फेकायचा कशाला?"

पट्टीच्या बाबतीत मात्र ते कुणाचं ऐकत नसत. देवाला सोनेरी, जित्या माणसाला तांबडी आणि गेलेल्याला काळी. गिऱ्हाईकाचं नावगाव राहिलं बाजूला, पहिला सवाल, "हाय का गेलं?" एका पाटलाने काळी शोभून दिसते म्हणून स्वतःच्याच फोटोला ती मागितली, तेव्हा मालक म्हणाले, "मग आधी जाऊन या." आसपास दुसरा फ्रेमवाला नव्हता. त्यामुळे काळी पट्टी लागल्याशिवाय माणूस गेला असं त्या भागात कुणी धरतच नसे.

एका बाजारच्या दिवशी एक मेंढपाळ आपल्या भावजयीला घेऊन आला. त्याचा भाऊ पोलीस ॲक्शनच्या धामधुमीत मेंढरं घेऊन गेला तो परतलाच नव्हता. फोटो पोखर्णीच्या जत्रेत काढलेला, नवराबायकोचा.

"दिवस घालायचेत. काळी लावा," दीर म्हणाला.

मालकांनी फोटो न्याहाळला. "ह्यात ही बी हाय की. जित्या बाईला काळी कशी लावू?"

"मंग तिला कापून काढा."

उंबऱ्याशी उभ्या बाईने पदर तोंडाशी नेला. कपाळावर कुंकू होतं. मालकांनी दिराला नाही, तिलाच विचारलं, "बाई, हाय का गेला?"

हे तिला आजवर कुणी विचारलं नसावं. "म्हाईत न्हाई, मामा. मी आजून वाट बघायलेय."

मालकांनी फोटो फडक्यात गुंडाळून ठेवला. मग म्हणाले, "काळी पट्टी सरली. परभणीहून आली की लावू." काळ्या पट्ट्यांचा भारा त्यांच्या पाठीमागेच उभा होता. दिराने बोट दाखवलं. "ती दुसऱ्याची हाय," मालक म्हणाले. त्यांना खोटं बोलायची सवय नव्हती, कान लालबुंद झाले होते.

दीर काही वाईट माणूस नव्हता. घरावरचं सावट एकदाचं सरावं एवढंच त्याला हवं होतं. पुढे तो तिलाच बाजारी पाठवू लागला. "मामा, आली का पट्टी?" "न्हाई, बाई." मग मालक फडक्यात गुंडाळलेला फोटो तिच्या हातात देत. ती तो बघत बसे आणि मालक पाठ फिरवून उगाच काच पुसत राहत. मला तिकडे बघवत नसे.

ती कधी दारात येईल याचा नेम नव्हता, आणि दुसऱ्या कुणाच्या तसबिरीला काळी पट्टी लागलेली तिने पाहिली असती तर सगळंच संपलं असतं. म्हणून मालकांनी तो भारा चुलीत घातला आणि गेलेल्या माणसांनाही तांबडी लावायला सुरुवात केली. माझी बदली झाली तोवर काळी पट्टी काही आलेली नव्हती. पुढे कधी त्या भागात गेलो की घराघरांत त्या वर्षांत गेलेली माणसं तांबड्या पट्टीत दिसायची, जित्या माणसांसारखी. त्यांच्या घरच्यांनी कधी तक्रार केल्याचं मी ऐकलं नाही.