जांभईचा हात

जुळे सोलापुरात आमच्या इमारतीखाली एक रिक्षावाले काका रोज सकाळी खुर्ची टाकून बसतात. पक्षाघातानंतर त्यांचा पाय सावरला, पण डावा हात मांडीवर पडून राहिला. रिक्षाचा क्लच आणि गिअर डाव्या हातातच असतात, त्यामुळे रिक्षा समोर उभी आहे. ते हाताशी मोठ्याने बोलतात. “ऊठ की गड्या, लई झोपलास.” हात हलत नाही.

परवा त्यांच्याशेजारी पेपर वाचताना मला जांभई आली. ती पाहून त्यांनाही आली. त्यांचं तोंड उघडलं तसा तो हात सावकाश छातीपर्यंत वर गेला, थांबला आणि जांभई संपताच खाली आला.

“काका, हात हलला!”

“डॉक्टर म्हणले, मनानं हलवायची वाट तुटलीया. जांभईची वाट निराळी, ती शाबूत हाय.”

त्यांनी तोंड वासून खोटी जांभई दिली. हात तसाच पडून होता.

“बघा साहेब. तुमची जांभई ऐकतो, माझा शब्द न्हाय.”

मग उजव्या हाताने त्यांनी तो उचलला, मांडीखाली सरकवला आणि त्यावर दाबून बसले.

“आता द्या की जांभई. बघू कसा उठतोय.”