थरथरत्या हातात चौंडकं

त्या नवरात्रात आमच्या घरी बायका माझ्या पाया पडल्या आणि मला त्याचा मनस्वी संताप आला. दरवर्षीप्रमाणे घटापुढे आराध्यांचा मेळा बसला होता. चौंडकं वाजत होतं, देवीची गाणी चालली होती आणि मी भिंतीला टेकून ऐकत होते. माझा डावा हात मांडीवर थरथरत होता. मेळ्यातल्या मुख्य आराधीण म्हणजे आमच्या गल्लीतल्या आक्का. त्यांनी माझ्याकडे बघितलं, गाणं थांबवलं आणि हात जोडून म्हणाल्या, "उदो उदो! बाईंच्या अंगात वारं आलं." कुणीतरी मळवट भरला. ज्यांची पोरं मी अंगणवाडीत सांभाळली त्या बाया रांगेनं वाकू लागल्या. मी ओरडले, "उठा! अंगात देवी न्हाय आली, आजार आलाय मला. सोलापूरच्या डॉक्टरनं नाव सांगितलंय त्याचं, पार्किन्सन."

त्या नावाला महिनाही झाला नव्हता. आधी हात थरथरू लागला, मग परकराची नाडी बांधता येईना. उंबऱ्याशी आलं की पाय जमिनीला खिळून बसायचे. पुढं जायचं मनात असायचं, पण पाय ऐकायचे नाहीत. हा आजार औषधानं आटोक्यात राहतो, पुरता जात नाही, असं डॉक्टरांनी सरळ सांगितलं. गोळ्या लिहून दिल्या, रोज चालायला सांगितलं आणि म्हणाले, "एखादं वाद्य शिका. तालावर हात-पाय जास्त ऐकतात." मला वाटलं, माणसाचं मन राखायला बोलतायत. घरी आले आणि देवाजवळ दिवा लावणं बंद केलं. लग्न होऊन बेंबळीला आल्यापासून मी दर चैत्रात येरमाळ्याला जात होते. पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी येडाई देवीची पालखी डोंगरावरून चुन्याच्या रानात येते, तिथं लोक चुनखडीचे खडे वेचून ढिगावर टाकतात. आता ज्या बोटांना खडाही उचलता येणार नाही, त्यांनी तिला हात तरी का जोडायचे? मी तिच्याशी बोलणंच सोडलं.

नवरात्र सरल्यावर आक्का आल्या. काखेत चौंडकं होतं. ओट्याच्या कडेला बसून म्हणाल्या, "चुकलं माजं, बाई. मला खरंच वारं वाटलं." इतक्या ओशाळल्या होत्या की माझा राग विरघळला. आणि त्या चौंडक्याकडे बघता बघता मला डॉक्टरांचं बोलणं आठवलं. मी म्हटलं, "आक्का, मला हे शिकवा."

त्या दचकल्या. चौंडकं म्हणजे लाकडाचं पोकळ नळकांडं, एका तोंडाला कातडं आणि त्यातून निघालेली तात. ते काखेत धरायचं, डाव्या मुठीत तात ताणायची आणि उजव्या हातातल्या छोट्या लाकडानं छेडायची. पण आमच्याकडे ते नुसतं वाद्य नाही. देवीची माळ घातलेली बाईच ते हातात घेते. आक्का म्हणाल्या, "ही आईची वस्तू. दवाई म्हनून कशी द्यावी? तुमी आदी तिला इचारा."

"मी तिच्याशी बोलत नाही," मी म्हणाले.

आक्का एकदम खळखळून हसल्या. "मंग तर घ्याच. तुमी बोलू नका, हे बोलंल."

सुरुवातीचे दिवस आठवले की अजून हसू येतं. डावा हात थरथरला की तात सैल व्हायची, पुन्हा ताणली जायची आणि आवाज रडक्या पोरासारखा हेलकावायचा. आमचे हे शेतातून आले की दारातूनच विचारायचे, "आज कुणाची म्हैस व्याली?" मीही ठणकावून सांगायची, "ऐकायचं नसेल तर कान शेतात ठेवून या." गोळी घेतल्यावर काही वेळानं हात जरा ऐकतो हे कळल्यावर दुपारची तीच वेळ आम्ही धरली. आक्का समोर बसून त्यांच्या चौंडक्यावर ठेका धरायच्या आणि मी मागून धावायचे. बोटं आखडायची, खांदा भरून यायचा. काही दिवस तर नुसतं लाकूड हातातून पडायचं आणि मी ते उचलायचे, एवढंच शिकणं व्हायचं. पण सोडलं नाही. मी मुळात हट्टी आहे आणि हा आजार माझ्याहून हट्टी निघावा हे मला सहन होईना. हळूहळू एक गोष्ट ध्यानात आली. मोकळा हात जितका थरथरतो, तितका तात ताणलेला हात थरथरत नाही. उंबऱ्याशी पाय खिळले की मनात तो ठेका धरायचा, टुंग टुंग, टुंगुक टुंग, आणि पाय सुटायचा. दर वेळी नाही, पण पुष्कळदा.

फाल्गुन संपता संपता मी जाहीर केलं, यंदा येरमाळ्याला जायचं. पालखीसोबत माझ्या पायानं चालायचं आणि माझ्या हातानं खडा टाकायचा. हे भडकले. "त्या गर्दीत पाय अडला तर तुडवतील लोक तुला." त्यांचं खोटं नव्हतं. पण यंदा घरी बसले तर मी कायमचीच घरी बसेन, हे मला आतून माहीत होतं. शेवटी हे सोबत आले आणि आक्कांनी त्यांचं जुनं चौंडकं माझ्या गळ्यात अडकवलं.

चुन्याच्या रानाजवळ आलो तेव्हा मागून पालखीचा गजर उठला आणि माणसांचा लोंढा आला. त्या रेट्यात यांचा हात सुटला. हे कुठं गेले ते दिसेना, आणि नेमके तेव्हाच माझे पाय खिळले. मनात ठेका धरू गेले, तर भीतीनं तोही आठवेना. सगळं अंग थरथरत होतं, पदर पडला होता, केस सुटले होते. मी डोळे मिटले आणि कितीतरी महिन्यांनी तिच्याशी बोलले, "आई, आता तूच बघ."

"सरका, सरका! आईचं वारं आलंय!" कुणीतरी ओरडलं. डोळे उघडले तर माझ्याभोवती बायकांनी हातात हात घालून कडं केलं होतं. मागून येणारा लोंढा त्या कड्याला वळसा घालून पुढं जात होता. ज्या गैरसमजावर मी घरी ओरडले होते, तोच आज मला तुडवू देत नव्हता. एका तरण्या पोरीनं कडेवरचं लेकरू पुढं केलं. "आई, बोलत न्हाय हो हे. बोलतं करा."

मी म्हटलं, "माय, मी देवी न्हाय. आदी दवाखान्यात त्याचे कान दाखीव. मंग आईला सांग."

तेवढ्यात कड्यातून एक म्हातारी आराधीण पुढं आली. गळ्यात कवड्यांची माळ, चेहरा उन्हानं रापलेला. माझ्या अगदी जवळ येऊन तिनं हळूच विचारलं, "दुखनं हाय व्हय?" मी मानेनंच हो म्हटलं. तिनं माझ्या गळ्यातलं चौंडकं काढून आपल्या काखेत घेतलं आणि वाजवू लागली. टुंग टुंग, टुंगुक टुंग. तोच ठेका. ती माझ्याकडे तोंड करून मागं मागं चालू लागली आणि माझा पाय उचलला गेला. मग दुसरा. कडं आमच्यासोबत सरकत राहिलं.

रानात पोचल्यावर मी वाकले. खडा बोटांतून निसटला. एका बाईनं दुसरा उचलून पुढं केला, तर म्हातारी म्हणाली, "ऱ्हाऊ द्या. तिची ती उचलंल." पुन्हा निसटला. मग मी तो सगळ्या मुठीत मातीसकट धरला आणि ढिगावर टाकला. मी धाय मोकलून रडले.

हे धापा टाकत पोचले तेव्हा चौंडकं माझ्या हातात होतं आणि म्हातारी नव्हती. आम्ही खूप शोधली. त्या रानात कवड्यांच्या माळा घातलेल्या कितीतरी म्हाताऱ्या होत्या. ती कोण, कुठली, हे मला माहीत नाही. गावी आल्यावर आक्कांना विचारलं तर म्हणाल्या, "त्यो ठेका सगळ्या आराधनींना येतो, बाई." मलाही तेवढं पुरतं.

आजार गेलेला नाही. औषधाचा डोस वाढलाय, उजवा हातही आता अधूनमधून थरथरतो. मी गोळ्या वेळेवर घेते, चालते आणि रोज वाजवते. आईच्या हवाली होणं म्हणजे हात टेकणं, असं मी समजत होते. पण हवाली झाले त्या घडीला तिनं मला उचलून नेलं नाही, चालायला लावलं. तिचे उपकार मी कसे फेडू?

यंदाच्या नवरात्रात घटापुढे मी आक्कांच्या शेजारी बसले. दोन गाण्यांच्या मधल्या वेळात हात मोकळा झाला आणि थरथरू लागला. शेजारची नवी सून, तिला काही ठाऊक नव्हतं, डोक्यावर पदर घेऊन माझ्या पायाशी वाकू लागली. आक्का घाबरून माझ्याकडे बघू लागल्या. मी त्या पोरीचा हात धरला, तिला जवळ बसवलं आणि तिच्या हातात झांज दिली. "पाया मंग पड गं. आदी ठेका धर, मला पुढचं गानं उचलायचंय."